वीज डोक्यावर येईपर्यंत पाळणा रिकामा होतो का?

वादळी हवामान आणि मनोरंजन उद्याने या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रश्न राइड चालवणाऱ्यांचे आहेत, काही जत्रा आणि मेळावे भरवणाऱ्यांचे, तर काही मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांचे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे मोठा आकाशपाळणा आहे. वीज किती अंतरावर असताना तो थांबवायचा? कुणी ८ किलोमीटर सांगतात, कुणी १०, कुणी १६.

उत्तर : हे आकडे चुकीचे नाहीत, पण ते पाळणा थांबवण्याचे नाहीत. वीज ८ ते १० किलोमीटरवर आली, की त्या क्षणी सगळी माणसे पक्क्या इमारतीत पोहोचलेली असायला हवीत. म्हणजे हिशेब उलटा करायचा: तिथून मागे मोजत यायचे.

समजा, पाळण्याला ३६ पाळणी आहेत आणि एका वेळी एकच पाळणे उतरण्याच्या फलाटावर येते. थांबवणे, दार उघडणे, माणसे उतरवणे, दार लावणे आणि पुढचे पाळणे आणणे याला ३५ सेकंद धरा. ३६ गुणिले ३५ म्हणजे १,२६० सेकंद, अर्थात २१ मिनिटे. शेवटच्या माणसाला इमारतीपर्यंत चालायला ५ मिनिटे. झाली २६ मिनिटे. वादळी ढग ताशी ४५ किलोमीटरने सरकत असेल, तर तेवढ्या वेळात तो साडेएकोणीस किलोमीटर पुढे येतो. त्यात सुरक्षित अंतराचे १० किलोमीटर मिळवले की उत्तर जवळपास ३० किलोमीटर येते. तुमच्या पाळण्यावर माणसे चढवणे वीज ३० किलोमीटरवर असतानाच बंद व्हायला हवे. शेजारच्या ब्रेकडान्स राइडची फेरी ३ मिनिटांची असेल आणि तो २ मिनिटांत रिकामा होत असेल, तर त्याच हिशेबाने त्याला साडेसतरा किलोमीटर पुरतात. म्हणून सगळ्या उद्यानाला एकच अंतर लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक राइडच्या पॅनेलजवळ तिचा स्वतःचा आकडा लिहिलेला असावा.

हे ३५ सेकंद मात्र अंदाजाने धरू नका. पाळणा पूर्ण भरलेला असताना, लहान मुले आणि वयस्कर माणसे बसलेली असताना घड्याळ लावून मोजा. रिकाम्या पाळण्यावर कर्मचाऱ्यांनी घेतलेली चाचणी नेहमीच फसवी निघते. आजीला पायरीवर हात द्यायला दहा सेकंद जास्त लागतात आणि अशा आज्या एका फेरीत बऱ्याच असतात. आणखी एक गोष्ट वेळ खाते. ओळीने एकेक पाळणे रिकामे करत गेलात तर चाकाची एक बाजू हलकी आणि दुसरी जड होते. मग मोटर आणि ब्रेक यांच्यावर ताण येतो, चाक जड बाजूला ओढले जाते. म्हणून बऱ्याच पाळण्यांच्या उत्पादकाने दिलेल्या पुस्तिकेत समोरासमोरची पाळणी आलटून पालटून रिकामी करायला सांगितलेले असते. तसे करताना दर वेळी चाक अर्धे फिरवावे लागते, म्हणजे वेळ आणखी वाढतो. तुमच्या पुस्तिकेत जो क्रम असेल त्याच क्रमाने वेळ मोजा.

वीजपुरवठा गेला तर काय, हेही याच हिशेबात येते. जनरेटर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. जनरेटरवर दिवे आणि गाणी चालतात, पण पाळण्याची मोटर त्याच्यावर जोडलेलीच नाही किंवा त्याला ती पेलत नाही, हा दोष नेहमी आढळतो. आठवड्यातून एकदा मुख्य पुरवठा बंद करून, पाळण्यावर वजन ठेवून जनरेटरवर दोन फेऱ्या फिरवून बघा. हाताने फिरवायचा दांडा असेल तर तो कुठे ठेवला आहे आणि त्याने एक पाळणे खाली आणायला किती मिनिटे लागतात, हे प्रत्येक पाळीतल्या माणसाला माहीत हवे.

प्रश्न : ऊन पडलेले असताना, पावसाचा थेंबही नसताना राइड बंद केल्या. तिकिटाचे पैसे गेले. ही अती काळजी नाही का?

उत्तर : नाही. वीज पावसाच्या हद्दीत राहत नाही. ढगाच्या वरच्या भागातून निघालेली वीज पावसापासून १५ किलोमीटर किंवा त्याहूनही लांब, निळे आकाश असलेल्या जागी पडू शकते. वादळ येताना आणि निघून जाताना माणसे बेफिकीर असतात, म्हणून धोका याच दोन वेळी जास्त.

लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनाने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर. पण ही पद्धत शेतात किंवा गच्चीवर चालते. उद्यानात कानावर विसंबून राहता येत नाही. शांत जागी गडगडाट साधारण १५ किलोमीटरवरून ऐकू येतो. रोलर कोस्टरचा खडखडाट, भोंग्यांवरची गाणी आणि किंकाळ्या यांच्या गोंगाटात तो अगदी जवळ येईपर्यंत ऐकूच येत नाही. म्हणून उद्यानाने वीज टिपणाऱ्या जाळ्याची सेवा घेतलेली असते आणि पडद्यावर बघून निर्णय होतो. तुम्हाला ऊन दिसत होते, तेव्हा त्यांना ढग दिसत होता.

पैशांबद्दल एवढेच सांगू की हवामानामुळे राइड बंद राहिल्यास काय होईल, हे तिकीट काढतानाच विचारा. ज्या उद्यानाचा नियम स्पष्ट आणि उदार असतो, तिथल्या ऑपरेटरवर राइड चालू ठेवण्याचे दडपणही कमी असते.

प्रश्न : सकाळी मोबाइलवर पिवळा इशारा आला. मेळावा रद्द करायचा का? आणि निर्णय कुणाचा?

उत्तर : रंगाचा इशारा मोठ्या प्रदेशासाठी आणि पूर्ण दिवसासाठी असतो. त्याचा उपयोग तयारीसाठी. पिवळा इशारा असलेल्या दिवशी तुमच्या मैदानावर काहीच न होता संध्याकाळ होऊ शकते. उलट, कोणताही रंग नसताना एखादा ढग बरोबर तुमच्याच डोक्यावर उभा राहू शकतो. उन्हाळी दुपारी गरम, दमट हवा वर चढून असा ढग तासाभरात तयार होतो. सकाळच्या अंदाजात त्याची नेमकी जागा सांगता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. आदल्या दिवशीचा अंदाज बघून माणसांची संख्या, जनरेटरचे डिझेल, कनातींचे दोर आणि मोठे फलक यांची व्यवस्था लावायची. पुढच्या दोन-तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडारचे चित्र बघून गेट पूर्ण उघडे ठेवायचे की नाही ते ठरवायचे. आणि राइड थांबवायची ती प्रत्यक्ष मोजमापावर: विजेचे अंतर आणि वाऱ्याचा वेग.

निर्णय एकाच माणसाचा असावा आणि त्याचे नाव त्या दिवसाच्या पाटीवर लिहिलेले असावे. त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम नको. गल्ला नको, पाहुण्यांचे स्वागत नको. त्याची दर १५ मिनिटांची नोंद वहीत हवी: वेळ, वारा, झोत (वाऱ्याचा क्षणभराचा जोर), विजेचे अंतर, काय केले. मात्र थांबवण्याचा अधिकार प्रत्येक ऑपरेटरला हवा. आपल्या पायाखालच्या राइडबद्दल शंका आली, तर त्याने वरच्या हुकमाची वाट न बघता चढवणे बंद करावे आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारू नये. पुन्हा चालू करण्याचा अधिकार मात्र त्या एका माणसाकडेच राहू द्या.

प्रश्न : राइडच्या पुस्तिकेत वाऱ्याची मर्यादा १५ दिली आहे. मोबाइलवर वारा ३५ दाखवतो तरी राइड नीट चालते. मग ही मर्यादा कसली?

उत्तर : पुस्तिकेतले १५ हे मीटर प्रति सेकंद असणार आणि मोबाइलवरचे ३५ हे किलोमीटर प्रति तास. मीटर प्रति सेकंदाला ३.६ ने गुणा. १५ म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. एककांचा हा घोटाळा धोकादायक आहे, कारण तो उलट्या दिशेनेही होतो. आजच एक पट्टी छापून पॅनेलवर चिकटवा आणि मर्यादा तुमच्या वारामापकाच्याच एककात लिहा.

आता मोबाइलबद्दल. तो दाखवतो तो वारा बहुधा दूरच्या केंद्रावरचा किंवा गणिताने काढलेला असतो, तोही जमिनीपासून १० मीटर उंचीचा आणि काही मिनिटांच्या सरासरीचा. तुमची माणसे बसलेली असतात ४० मीटरवर. उघड्या मैदानात १० मीटरपेक्षा ४० मीटरवर वारा सुमारे २० टक्के जास्त असतो. शिवाय राइडला ढकलते ती सरासरी नव्हे, तर झोत. सरासरी १० मीटर प्रति सेकंद असताना झोत १५ ला सहज टेकतो. म्हणून वारामापक राइडच्या माथ्यावर किंवा तितक्याच उंच, आडोसा नसलेल्या खांबावर लावा. छपराच्या कडेला किंवा फलकाच्या मागे लावलेला मापक खोटे सांगतो. तो ३ सेकंदांचा झोत दाखवणारा असावा आणि मर्यादेच्या ७० ते ८० टक्क्यांवर भोंगा वाजेल असा लावावा. भोंगा वाजला की चढवणे बंद, मर्यादा गाठेपर्यंत राइड रिकामी.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. ३ मीटर बाय २ मीटरच्या फलकावर १५ मीटर प्रति सेकंदाचा वारा ८० किलोहून जास्त वजनाचा रेटा देतो; वारा २५ झाला की तोच रेटा २३० किलोच्या आसपास जातो. राइडच्या खांबांवर नंतर बांधलेले जाहिरातींचे कापड हे याच कारणाने नकोसे असते. सांगाड्याचा हिशेब करताना उत्पादकाने ते कापड धरलेले नसते.

रोलर कोस्टरवर वारा वेगळ्या तऱ्हेने घात करतो. गाडी चढावावरून सुटली की पुढे फक्त तिच्या वेगावर चालते. समोरून वारा आला, चाके गार असली आणि गाडी रिकामी म्हणजे हलकी असली, तर ती पुढचा चढ पार न करता दोन चढांमधल्या खोलगट भागात अडकते. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स उद्यानात स्मायलर या कोस्टरवर चाचणीची रिकामी गाडी अशीच मार्गात अडकली. ती तिथे आहे हे तंत्रज्ञांच्या लक्षात आले नाही. यंत्रणेने पुढचा मार्ग मोकळा नसल्याचे दाखवून मागची गाडी रोखली होती. यंत्रणेची ती रोख हाताने रद्द करून १६ जण बसलेली गाडी सोडली गेली. टक्कर झाली, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. त्या दिवशी वारा ताशी ७० किलोमीटरच्या पुढे होता आणि उत्पादकाची मर्यादा सुमारे ५५ होती, असे न्यायालयात मांडले गेले. कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. यात वाऱ्याचा वाटा होता, पण अपघात घडला तो यंत्रणेची सूचना डावलल्यामुळे. वारा जास्त असताना रिकामी गाडी सोडून बघणे ही चाचणीच नव्हे, हे त्यातून घ्यावे. आणि यंत्रणा अडवत असेल तर आधी पूर्ण मार्ग डोळ्यांनी बघावा, सगळ्या गाड्या मोजाव्यात.

साखळीला टांगलेल्या खुर्च्यांच्या झोक्याचे वेगळे बघा. तिथे वाऱ्याने खुर्च्यांचा घेर एका बाजूला सरकतो. शेजारचा खांब, झाड किंवा कुंपण यांच्यापासून राखलेले अंतर कमी होते. खुर्च्या एकमेकींवर आपटू लागण्याची वाट बघू नका.

प्रश्न : शाळेच्या मेळाव्यात मुलांसाठी हवेचा जंपिंग किल्ला लावायचा आहे. आकाश स्वच्छ असेल तर चिंता नाही ना?

उत्तर : आहे, आणि इतर कोणत्याही खेळापेक्षा जास्त आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या डेव्हनपोर्ट शहरात एका शाळेच्या मैदानावर वाऱ्याने जंपिंग किल्ला उचलला आणि सहा मुले दगावली. वावटळीला ढग लागत नाही. तापलेल्या मोकळ्या मैदानावर भर उन्हात ती उठते आणि कोणत्याही अंदाजात ती दिसत नाही. म्हणून इथे इशाऱ्यापेक्षा बांधणी मोठी.

युरोपातल्या मानकाप्रमाणे असा किल्ला ताशी ३८ किलोमीटरपेक्षा जास्त वाऱ्यात वापरायचा नाही. उत्पादकाने याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळायची. ५ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच भिंतीवर ३८ च्या वाऱ्याचा रेटा सुमारे १४० किलोचा असतो. ६० च्या झोतात तो साडेतीनशेच्या घरात जातो. बांधायच्या जागा किमान ६ हव्यात आणि किल्ल्याला जितक्या कड्या असतील तितक्या सगळ्या बांधायच्या. आठ कड्यांपैकी चारच बांधणे म्हणजे बांधणीच न करणे. खुंटी लोखंडी, किमान ३८० मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड, वरचे टोक गोल. ती ४५ अंशांत, डोके किल्ल्यापासून लांब झुकेल अशी आणि पूर्ण ठोकायची. तंबूच्या छोट्या खुंट्या चालत नाहीत. फरशीवर किंवा डांबरावर लावायचा असेल तर प्रत्येक कडीला किमान १६३ किलोचे वजन, आणि ते नीट अडकवता येईल असे. वाळूची चार पोती टेकवून ठेवली, हे उत्तर नाही. भुसभुशीत किंवा आदल्या रात्री भिजलेल्या मातीत खुंटी नीट धरत नाही. दोर ओढून बघा, खुंटी हलली तर जागा बदला.

हातात धरायचा वारामापक जागेवर ठेवा आणि तासाला नव्हे, दर १५-२० मिनिटांनी झोत बघा. वारा वाढला तर आधी मुले बाहेर, मग पंखा बंद. उलट क्रम केला तर भिंती मुलांच्या अंगावर बसतात. आणि उडू लागलेल्या किल्ल्याचा दोर कुणीही, अगदी कुणीही हाताने धरू नये.

प्रश्न : वादळात आसरा कुठे घ्यायचा? उद्यानात शेड भरपूर आहेत, मोठा मंडप आहे, कोस्टरवर वीजरोधकही आहे.

उत्तर : शेड पावसासाठी असते, विजेसाठी नाही. चार भिंती, पक्के छप्पर, आत वीज आणि पाण्याच्या नळांची जोडणी असलेली इमारत, हा आसरा. कारण वीज पडलीच तर ती भिंतीतल्या तारांमधून आणि नळांमधून जमिनीत उतरते. त्याच कारणाने आत असताना नळ, वायरचे फोन आणि खिडक्यांच्या धातूच्या चौकटी यांच्यापासून लांब राहायचे. दुसरा आसरा म्हणजे धातूचे छप्पर असलेली बंद गाडी: काचा वर, हात मांडीवर. दुचाकी, उघडी रिक्षा, उद्यानातली उघडी रेल्वे हे आसरे नव्हेत.

वीजरोधक त्या सांगाड्याला वाचवतो. सांगाड्याजवळ उभ्या माणसाला नाही. विजेने जखमी होणाऱ्यांत थेट अंगावर वीज पडलेले थोडे. जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाने आणि जवळच्या उंच वस्तूवरून उडी मारलेल्या विजेने जखमी झालेले बरेच जास्त. रांगेचे लांबलचक लोखंडी कठडे हा उद्यानातला खास धोका. एका टोकाला पडलेली वीज दुसऱ्या टोकाला धरून उभ्या असलेल्यापर्यंत पोहोचते. म्हणून राइड थांबली की रांगही मोडायची. “थोड्या वेळात चालू होईल, इथेच थांबा” असे सांगणे चुकीचे.

कापडी मंडपात वारा आणि वीज दोन्हींचा धोका. वादळाच्या वेळी मंडप हा आसरा नसून आधी रिकामा करायची जागा आहे. आणि संयोजकांसाठी एक सोपा हिशेब. दाटीवाटी न होता उभे राहायला दर चौरस मीटरला दोन माणसे धरा. ४०० चौरस मीटरच्या सभागृहात ८०० माणसे मावतील. आत ३,००० असतील तर उरलेल्या २,२०० जणांची जागा आजच ठरवा. सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीला मिनिटाला साधारण ८० माणसे जातात. ४ मीटरच्या गेटमधून ६,००० माणसे बाहेर पडायला १९ मिनिटे लागतात, तीही कुणी मध्ये थांबले नाही तर. ती १९ मिनिटे वर सांगितलेल्या उलट्या हिशेबात धरायची.

प्रश्न : घोषणा काय करावी? लोक घाबरून पळतील अशी भीती वाटते.

उत्तर : लोक घाबरतात ते काय करायचे ते न कळल्यामुळे. १३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत संगीताच्या कार्यक्रमापूर्वी वादळ येत असल्याची घोषणा झाली. गरज पडली तर कुठे जायचे तेही सांगितले गेले. “आता निघा” असे मात्र सांगितले नाही. काही मिनिटांतच पावसाच्या पुढे धावणारा वाऱ्याचा लोट आला, रंगमंचाचे छत कोसळले, सात जणांचा जीव गेला. वादळी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि पावसाआधी पोहोचते. अंगावर एकदम गार वारा आला, धूळ उठली, की मिनिटेच उरलेली असतात.

घोषणेत पाचच वाक्ये हवीत: वीज जवळ येत आहे, राइड बंद केल्या आहेत, आत्ताच अमुक सभागृहात किंवा आपल्या गाडीत जा, झाड, मंडप आणि कठड्यांपासून लांब राहा, पुढची घोषणा अमुक वाजता. “कृपया काळजी घ्यावी” याचा उपयोग होत नाही. ती आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवा, गाणी पूर्ण बंद करून दर दोन मिनिटांनी लावा, आणि वीज गेली तर वापरायला बॅटरीवरचे हातकर्णे प्रत्येक चौकात ठेवा. हरवलेली मुले कुठे मिळतील, ती जागा इमारतीच्या आत असावी.

प्रश्न : मूल राइडवर असताना वादळात वीज जाऊन राइड वरच थांबली तर पालकांनी काय करावे?

उत्तर : खालून ओरडून मुलाला उतरायला सांगू नका. छातीवरचा किंवा मांडीवरचा दांडा वीज गेल्यावर उघडत नाही, तो बंदच राहील अशी त्याची रचना असते. बसून राहणे हे उतरण्यापेक्षा सुरक्षित. ऑपरेटरला मुलाची जागा आणि त्याला काही आजार असेल तर तो सांगा, आणि स्वतः कठडा सोडून इमारतीत जा. चेन लिफ्टवर (कोस्टरची गाडी साखळीने वर ओढली जाते त्या चढावावर) अडकलेल्यांना बाजूच्या पायऱ्यांवरून एकेकाला आणतात. पण वीज जवळ असताना कर्मचाऱ्यांनाही लोखंडी पायऱ्यांवर पाठवता येत नाही. त्यामुळे वाट बघावी लागू शकते.

प्रश्न : वॉटर पार्कमधला तलाव छपराखाली असेल तर?

उत्तर : तरीही बाहेर यायचे. पाइप, शिड्या, पंप हे सगळे जमिनीशी आणि वायरिंगशी जोडलेले असते. शॉवरही नको. उघड्या तलावात पाण्याबाहेर दिसणारे डोके हीच आसपासची सगळ्यात उंच वस्तू ठरते. उंच घसरगुंडीच्या जिन्यावरची रांग आधी खाली आणायची, तलाव नंतर.

प्रश्न : आकाशातल्या विजेचा झटका बसलेल्याला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो का?

उत्तर : नाही, विजेचा भार शरीरात राहत नाही. ताबडतोब हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्या, डिफिब्रिलेटर (हृदयाला झटका देऊन ठोका पूर्ववत करणारे यंत्र) मागवा, जमल्यास त्याला आत हलवा. अनेकांना एकदम झटका बसला असेल तर निपचित पडलेल्याकडे आधी जा. विजेने हृदय थांबलेला माणूस वेळेवर मदत मिळाली तर वाचतो. जो ओरडतो आहे, त्याचा श्वास चालू आहे.

प्रश्न : वादळ गेले. राइड किती वेळाने आणि कशा चालू करायच्या?

उत्तर : शेवटचा लखलखाट किंवा गडगडाट झाल्यापासून ३० मिनिटे. २८ व्या मिनिटाला पुन्हा गडगडले तर मोजणी शून्यापासून. वारा मर्यादेखाली आल्यावर तो सलग १५-२० मिनिटे तसाच राहू द्या. लोक गेटवर जमलेले असतात, गल्ला रिकामा असतो, आणि नेमक्या याच घाईत चुका होतात.

ती ३० मिनिटे संपल्यावर, त्याआधी नाही, तपासणी सुरू करा. फिरत्या जत्रेतल्या राइडचा पहिला प्रश्न पायाचा. ओल्या मातीत आधाराखालचे लाकडी ठोकळे खचतात, एक पाय अधांतरी राहतो आणि वरून काहीच कळत नाही. प्रत्येक आधाराखाली वाकून बघा, पाणसळ लावा. मग मार्ग: फांदी, पत्रा, फडके, अडकलेली पतंगाची दोरी. मग विजेचे पॅनेल: आत ओल दिसली तर पुसून चालू करायचे नाही, वायरमनने रोधन (तारांच्या आवरणातून वीज गळत नाही ना, याचे माप) मोजल्यावरच. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणीचे बटण दाबून तो पडतो का बघा. वीज जवळ पडली असेल तर सेन्सर आणि नियंत्रक खोटे संकेत देऊ शकतात; म्हणून प्रत्येक सेन्सर एकेक करून तपासा, ‘दोष’ आला की नुसता रीसेट मारून पुढे जाऊ नका. घर्षणाचे ब्रेक ओले असताना गाडी नेहमीच्या जागेच्या पुढे जाऊन थांबते. कोस्टरच्या पहिल्या फेऱ्यांत ती कुठे थांबते, तिथे खडूने खूण करा आणि कोरड्या दिवसाच्या खुणेशी ताडून बघा. आसनांच्या दांड्यांचे खाचे आणि कुलपे पाण्याने भरलेली असतात. प्रत्येक दांडा लावून, हिसका देऊन पाहायचा.

पुस्तिकेत सांगितल्याइतक्या रिकाम्या फेऱ्या, मग सांगितले असेल तर वजन ठेवून. प्रत्येक तपासणीपुढे वेळ आणि सही. ज्या पाळीत राइड थांबवली त्या पाळीतला माणूस घरी गेला असेल, तर नव्या माणसाने जुन्या सह्यांवर राइड चालू करू नये. सगळी यादी त्याने स्वतः पुन्हा करावी.